दोन नाकांचं पिंप

नार्दिनाच्या दुकानात परका माणूस शिरला की मला समोरच्या माझ्या पावाच्या भट्टीच्या दारातूनच कळतं. तो आधी फळ्यांवरच्या बाटल्या बघतो, लेबलं वाचल्यासारखं करतो, तोट्यांमधून सुटी वाइन भरून घेणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पाहून हसतो. मग त्याची नजर मागच्या अर्धवट उघड्या दाराकडे जाते आणि तिथेच अडकते. मागच्या खोलीत ते पिंप आहे. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असं, काळं पडलेलं, ओकच्या लाकडाचं.

परवाच एक जोडपं आलं होतं. सकाळपासून गावातली दुकानं पालथी घालत आलेलं. बाईचे गाल लाल आणि नवऱ्याच्या हातात पिशव्याच पिशव्या. मार्साला गावात येऊन माणसं दुसरं करणार तरी काय म्हणा!

"ते चाखायला मिळेल?" नवऱ्यानं मागे बोट दाखवून विचारलं.

"नाही," नार्दिना म्हणाली.

"पैसे देतो की."

"मग तर मुळीच नाही. घरात बाळ झालंय का?"

"नाही."

"लग्न आहे? कोणी वारलं?"

"देव न करो!"

"मग कशाला हवीय? ही झिबिब्बो द्राक्षांची गोड घ्या, जेवणानंतर छान लागते. पोटाला जड झालं असेल तर ही बडीशेपेची. आणि बाईंना अशक्तपणा असेल तर अंडं घातलेली मार्साला वाइन आहे, पण तुमच्या बाई चांगल्या धडधाकट दिसतात."

बाई हसली, नवरा हिरमुसला, आणि दोघं तीन बाटल्या घेऊन गेले. नार्दिना अशीच. गिऱ्हाईक तोडून बोलते आणि तरी रिकाम्या हातानं पाठवत नाही.

तिचं खरं नाव लेओनार्दा आंजिलेरी. पण त्या नावानं तिला फक्त पोस्टमन हाक मारतो. वय साठीच्या पुढे गेलं, केस अजून काळे ठेवते, आणि लग्न केलेलं नाही. माझारात राहणारा एक बोटवाला होता, साखरपुडासुद्धा झाला होता. तो म्हणाला, लग्नानंतर दुकान बंद कर. ती म्हणाली, त्यापेक्षा तुलाच बंद करते. विषय संपला.

पिंप तिच्या पणज्यानं भरलेलं. आमच्याकडे त्याला अखंड म्हणतात. त्यातली वाइन विकायची नाही. बारसं, लग्न, मयत, एवढ्यालाच काढायची, आणि वर्षभरात जेवढी काढली तेवढी सान मार्तीनोच्या दिवशी, नोव्हेंबरात, नव्या वाइननं भरून काढायची. जुनी नवीला शिकवते, असं तिचे वडील म्हणायचे. तळापर्यंत कोणी कधी पोचलेलं नसतं, म्हणून पणज्याच्या हातची वाइन थोडी का होईना तुमच्या ग्लासात येते. आमच्या गल्लीत असं एकही माणूस नाही ज्याच्या ओठांना जन्मल्यावर त्या पिंपातलं ओलं बोट लागलेलं नाही. माझ्याही लागलंय, आणि माझ्या मेलेल्या नवऱ्याच्याही.

भरण्याचा एकच नियम. घरातल्या दोघांनी आधी नवी वाइन चाखायची, मग पिंपातली, आणि दोघांनी हो म्हटलं तरच ओतायची. एकाला पडसं असेल, एकाचं डोकं ठिकाणावर नसेल, पण दोघांचं एकदम चुकत नाही. नव्या वाइनला जरा जरी आंबटाची लागण झालेली असली आणि ती आत गेली, तर अख्खं पिंप हातचं जातं. शंभर वर्षांची वाइन व्हिनेगर म्हणून तुमच्या सॅलडवर ओतायची पाळी येते.

नार्दिनाला हे वास ओळखायला तिच्या वडिलांनी शिकवलं. तानिनोकाका म्हणजे बारीकसा, टोपी न काढणारा माणूस, पण नाक असं की मी भट्टीत ओव्याचा पाव टाकला तर तो दुकानातून ओरडायचा, "वीता, ओवा जास्त झालाय!" पोरगी लहान असताना तिचे डोळे रुमालानं बांधायचा आणि नाकाखाली एकेक धरायचा. ओलं मीठ, गंजकी किल्ली, बदामाचं साल, भिजलेला कुत्रा. कुत्राही खरोखरचा आणायचा. ती चुकली की हसायचा, बरोबर आली की टोपी काढून नमस्कार करायचा. तिचा मोठा भाऊ लिबोरियो ह्या खेळात कधी रमला नाही. तो अठरा वर्षांचा झाला आणि जर्मनीला कारखान्यात गेला. त्यावेळी निम्मं गाव जर्मनीला गेलं, त्यात काही विशेष नव्हतं.

तानिनोकाकांच्या शेवटच्या वर्षाचं सांगते. फुप्फुसाचं दुखणं होतं, पालेर्मोला औषधोपचार चालायचे, आणि माणूस चिडचिडा झाला होता. माझ्यावरच किती भडकायचे! "वीता, तुझ्या पावात हल्ली मीठ नसतं. कंजूष झालीस का?" मी काय गप्प बसणारी? मी म्हटलं, "काका, माझ्या आज्यापासून मिठाचं माप तेच आहे, तुमची जीभच बिघडलीय." रागानं पाव तसाच सोडून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा तेच. नार्दिनाशीही जेवणावरून रोजची खडाजंगी, इथपर्यंत ऐकू यायची.

त्या वर्षीच्या सान मार्तीनोला त्यांनी मागच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. नार्दिना बाहेरून म्हणाली, "पपा, उघडा, मी चाखते."

"मला दोन नाकपुड्या आहेत," आतून आवाज आला. "पुरेत तेवढ्या. तू गिऱ्हाईक बघ."

दुकानातले सगळे हसले. मीही हसले. बदामाची झाडं फुलली त्या सुमारास काका गेले.

मयतीला अख्खी गल्ली जमली. रीतीप्रमाणे प्रत्येकाला पिंपातला एक ग्लास. पाऊण पिंप होतं ते अर्ध्यापर्यंत उतरलं, इतकी माणसं. घशाशी जरा टोचली त्या दिवशी ती वाइन, मला आठवतंय. पण रडून रडून तोंड कडू झालेलं, आदल्या दिवसापासून कोणी धड जेवलेलं नाही, चव कशाची लागणार! फादर जाकोमोंनी डोळे मिटून ग्लास संपवला आणि म्हणाले, "तानिनोचा हात." सगळ्यांनी मान डोलावली. नार्दिनानं फक्त वाढलं. बापाच्या सुतकात मुलगी पीत नाही आमच्याकडे.

लिबोरियो विमानानं आला होता. दफन झाल्यावर त्यानं सरबताची एक जुनी बाटली धुतली, पिंपातून तिच्या गळ्यापर्यंत भरून घेतली, बूच ठोकलं आणि वर मेणबत्तीचं मेण ओतलं. "तिकडे माझ्याजवळ पपा असतील," म्हणाला. मला भरून आलं. पण दुसऱ्याच दिवशी ह्याच माणसानं दुकान भाड्यानं देऊन टाकायचा विषय काढला.

"आणि पिंप?" नार्दिनानं विचारलं.

"पिंप एखाद्या कारखान्याला विकू. बायकांना ते सांभाळता येत नसतं, नार्दि. पपा होते तोवर ठीक होतं."

"तुला आज आठवलं होय पिंप? तिकडे बसून बिअर पिताना नाही आठवलं?"

"मी पैसे पाठवत होतो!"

"आणि मी त्यांचं थुंकीचं भांडं धूत होते!"

पुढचं मी लिहीत नाही. खिडक्या उघड्या होत्या, गल्लीनं सगळं ऐकलं. लिबोरियो त्याच संध्याकाळी निघाला तो बरीच वर्षं आला नाही.

सुतकाच्या वर्षात पिंप बंद असतं. बूच काढायचं ते फक्त भरायला. तर पुढचा सान मार्तीनो आला, आणि नार्दिनाला असं पडसं की डोळ्यांतून पाणी. मी सकाळी गरम बिस्किटं घेऊन गेले तर ही स्टुलावर उभी, पिंपाच्या तोंडात नरसाळं, आणि नवी वाइन ओततेय.

"अगं, दुसरं नाक कुठाय?" मी विचारलं.

"जर्मनीत."

"आणि पहिलं? ते तर गळतंय!"

"वीता, बिस्किटं ठेव आणि जा."

हट्ट! भावानं म्हटलं ना सांभाळता येत नाही, मग एकटीनं सांभाळून दाखवायचं. महिनाभर थांबली असती तर काय बिघडलं असतं?

वर्ष सरल्यावर वसंतात एक दुपार. सगळी गल्ली जेवून झोपलेली, मी भट्टी झाडत होते, तर नार्दिनाच्या शटरखालून तांबूस पाण्याचा ओघळ गटाराकडे निघालेला दिसला. गांधीलमाशा घोंघावत होत्या. मी जवळ गेले आणि वास आला. जुन्या वाइनचा तो मधाचा, बदामाचा वास, आणि त्यावर चढून बसलेला व्हिनेगरचा. नाकात टोचणारा. मी शटर बडवलं.

ती पिंपाशेजारी जमिनीवर बसली होती, पाय ओल्यात. तोटी सताड उघडी.

"मारलं मी, वीता," ती म्हणाली. "पणजोबांना, आजोबांना, पपांना. सगळ्यांना एका दिवसात मारलं."

ह्या बाईनं बापाच्या मयतीला डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, आणि आता हुंदके देत होती. मी शटर खाली ओढलं, झाडू घेतला आणि सगळं गटारात ढकललं. गल्लीत विचारलं तर बाटल्या धुतल्या म्हणून सांगायचं ठरलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं माझी सून म्हणते, पण हे एक भिजलं. माझं मलाच नवल वाटतं.

नंतर तिनं पिंप कढत पाण्यानं धुतलं, उन्हात वाळवलं, गंधकाची धुरी दिली. पेत्रोसिनो, सालेमी, कुठल्या कुठल्या गावांतल्या शेतकऱ्यांकडून जुनी, मुरलेली वाइन थोडी थोडी आणली आणि ते भरलं. तेव्हापासून सान मार्तीनोला दुसरं नाक माझं. भट्टीवालीचं नाक, धुरानं भाजलेलं, पण नसण्यापेक्षा बरं.

आणि कोणाला काही कळलं नाही! हेच तिला खायला उठलं. पहिल्याच बारशाला लोक म्हणाले, वा, तानिनोचा हात. लग्नात म्हणाले, वा, पणज्याची वाइन. दरवेळी तिचा चेहरा उतरायचा. लोकांना वाटायचं, बापाची आठवण येते. तिनं त्या पिंपातला थेंब तोंडात घेतला तो सान मार्तीनोला चाखून थुंकण्यापुरता. सणाच्या जेवणाला बोलावलं तरी यायची नाही. कोणी स्तुती केली की एखादी बाटली फुकट द्यायची. मी म्हणायचे, "अशानं दुकान बुडेल." ती म्हणायची, "बुडू दे."

एकदा चर्चमध्ये पापाची कबुलीही दिली. तिनंच मला सांगितलं.

"विकतेस का ती?" फादर जाकोमोंनी जाळीपलीकडून विचारलं होतं.

"नाही, फादर."

"लोक आजारी पडतात का?"

"नाही."

"मग पाप कोणतं धरू मी? खोटं बोललीस?"

"कोणी विचारतच नाही हो! सगळे आपणच म्हणतात तानिनोचा हात. तुम्हीसुद्धा म्हणालात, गेल्या रविवारी!"

फादर म्हणाले, "तीन वेळा मरियेची प्रार्थना म्हण. आणि मला हे सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं."

अशी दहा-अकरा वर्षं गेली. मला वाटलं, तिला सवय झाली. माणसाला दुखऱ्या गुडघ्याचीही होते.

मग ह्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला लिबोरियोचा फोन आला. नातीला मुलगी झालीय, बारसं आपल्या चर्चमध्ये करायचं, बाळाच्या ओठांना आपल्या पिंपातलं बोट लावायचं. झालं गेलं विसरून जाऊ, असंही म्हणाला. फोनवरच रडला. नार्दिनाही रडली. आणि मग तो म्हणाला, "पपांची बाटली घेऊन येतोय. अजून फोडलेली नाही. परत पिंपात ओततो. घरची वाइन घरी."

ती तशीच माझ्याकडे आली, केसांना अर्धा रंग लावलेला.

"ओतू दे," मी म्हटलं. "तुझ्या पिंपात चार घोट खरी पडली तर पिंपाचंच भलं. त्याला काय कळतंय? पन्नास वर्षं बिअर पितोय."

"तुला समजत नाही, वीता. अख्ख्या जगात खरी तेवढीच उरलीय. एक बाटली. आणि ती मी खोट्यात ओतू देऊ? माझी लाज झाकायला?"

"मग सांग त्याला."

"सांगितलं तर काय म्हणेल माहितेय ना? बायकांना सांभाळता येत नाही म्हणाला होता. खरंच होतं ना ते!"

रात्ररात्र झोपली नसणार. सकाळी पाव न्यायला यायची तेव्हा डोळ्यांखाली काळं. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. एवढं वाइनच्या पिंपासाठी? पण मी कधी तिला तसं बोलले नाही.

लिबोरियो आला. पोट सुटलेलं, सॅंडलमध्ये मोजे, आणि बोलणं पन्नास वर्षांपूर्वीचं, आमच्या आज्या बोलायच्या तसं. बहीण-भाऊ एकमेकांना इतके घट्ट भेटले की मला वाटलं बरगडी मोडणार. बारशाच्या आदल्या दुपारी पोरंबाळं समुद्रावर गेली होती. आम्ही तिघंच मागच्या खोलीत. मी उद्याच्या पावाचं विचारायला गेले होते, असं मी सांगते. खरं म्हणजे मला घरी बसवेना.

त्यानं बाटली टेबलावर ठेवली. सरबताचीच ती जुनी बाटली, वर मेण. मग स्टुलावर चढला, पिंपाचं बूच काढलं, बाटली घ्यायला हात पुढे केला.

"दे, नार्दि."

तिनं बाटली दिली नाही. तिनं पुढे होऊन पिंपाच्या तोंडावर तळहात ठेवला.

"नको. आतली वाइन ती नाहीच."

"ती नाही म्हणजे?"

मग तिनं सांगितलं. सुतकाचं वर्ष, पडसं, एकटीनं ओतलेली नवी वाइन, वसंतात चढलेला आंबटपणा, गटार, पेत्रोसिनो, सगळं. हात पिंपावरून काढला नाही. लिबोरियो स्टुलावरून हळूहळू उतरला.

"मी म्हटलं होतं," तो म्हणाला. "तेव्हाच म्हटलं होतं मी."

"हो."

"पणजोबांपासूनचं, नार्दि! आणि उद्या माझ्या पणतीच्या तोंडाला मी काय लावणार होतो? कोणाची तरी वाइन?"

"हो."

ती नुसती हो हो म्हणत होती. मला सहन होईना. "तू रे काय बोलतोस?" मी ओरडलेच. "दोन नाकं लागतात ह्या पिंपाला! तुझं कुठं होतं तेव्हा? विमानात बसून गेलास ना फणफणत?"

तो बापाच्या खुर्चीत बसला, आणि एकदम म्हातारा दिसायला लागला.

"खरंय," म्हणाला. "आण तीन ग्लास. पिंपात नको. आपणच पिऊ ही. पपांना एकदा भेटू नीट, आणि संपवू विषय."

त्यानं चाकूनं मेण खरवडलं. मेण अखंड होतं, जरासुद्धा तडा नाही, आणि वाइन गळ्यापर्यंत होती तशीच. बूच निघालं. रंग सुंदर होता, जुन्या तांब्याचा. तिन्ही ग्लासांत त्यानं थोडी थोडी ओतली, आपला ग्लास वर धरला आणि एक घोट घेतला.

त्याच्या कपाळाला आठी पडली. "प्रवासात हलली असेल," म्हणाला.

नार्दिनानं ग्लास नाकाशी नेला. ती प्यायली नाही. तशीच उभी राहिली, ग्लास नाकाखाली, डोळे मिटलेले. रुमालाच्या खेळात उभी राहायची तशी. मी माझा ग्लास हुंगला. तो वास मी त्या दुपारी गटाराशी घेतला होता. आणि घोट घेतला, तर घशाशी तेच टोचणं. मयतीचं.

मेण धड असलेल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीत वाइन आपली आपण आंबत नाही. हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ती आंबटच भरली गेली होती.

लिबोरियोला जरा वेळ लागला, पण तो ताडकन उठला. "म्हणजे तू नाहीस! मी ही मयतीच्या दिवशी भरली. तू ओतायच्या आधी! पिंप आधीच गेलेलं होतं, नार्दि! पपांनीच ते... त्या सान मार्तीनोला दार लावून..." तो हसायला लागला, तिचे खांदे धरून हलवायला लागला. "तू काही केलंच नाहीस! अगं, ऐकतेयस का?"

ती ऐकत नव्हती. ती बापाच्या खुर्चीकडे बघत होती.

"बूच खराब होतं," ती म्हणाली.

"कुठलं? बघ की, चांगलं घट्ट..."

"लिबोरियो. बाटलीचं बूच खराब होतं. पिंप माझ्या हातून गेलं."

त्यानं ग्लासाकडे बघितलं, मग तिच्याकडे. मंद माणूस आहे, पण दुष्ट नाही.

"हो," तो म्हणाला. "बूच खराब होतं."

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. बाळानं ओलं बोट चोखलं आणि तोंड वेडंवाकडं केलं, सगळे हसले. आता फादर जाकोमो खूप म्हातारे झालेत. कोणी काय सांगितलं ते विसरतात, किंवा विसरल्यासारखं करतात. ग्लास रिकामा करून म्हणाले, "तानिनोचा हात!"

"नाही, फादर," नार्दिना मोठ्यानं म्हणाली. "तानिनोचं पिंप मी बिघडवलं, ते गेल्यावर. ओतून दिलं. ही वाइन माझी आहे."

एक-दोघांनी ग्लास खाली ठेवले. चक्कीवाल्याची विधवा म्हणाली, "तरीच मला जरा वेगळी लागायची," आणि अकरा वर्षं मिटक्या मारत पिणारी ती भवानी नाक मुरडून बसली. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण लिबोरियोनं माझ्या पायावर पाय ठेवला, मोज्यासकट.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर नार्दिना भट्टीत आली आणि पिठाच्या पोत्यावर बसली.

"कशाला घेतलंस अंगावर?" मी विचारलं. "मेलेल्या माणसाला काय होणार होतं? चार दिवस बोलले असते लोक. तू तर सुटली असतीस."

तिनं फळीवरचा पाव घेतला, कडेचा तुकडा मोडला आणि चावत बसली.

"वीता, त्या वर्षी पपा तुझ्या पावाला काय म्हणायचे?"

"मीठ नाही म्हणायचे. रोज भांडायचे."

"आणि होतं मीठ?"

"होतं की."

"नेहमीएवढं?"

"नेहमीएवढंच गं."

ती मान हलवत राहिली.

"सूप दिलं की मूठभर मीठ टाकायचे. मी हातातून डबी ओढून घ्यायचे. म्हणायचे, डॉक्टरांनी बंद केलंय, जिभेचे चोचले पुरे. एकदा त्यांनी माझ्यासमोर कॉफीचा कप धरला आणि विचारलं, नार्दि, ताजी आहे का गं? मी म्हटलं, तुम्हीच बघा ना, नाक आहे ना तुम्हाला. कामात होते मी."

मी भट्टीचं दार लावलं.

"त्यांचं नाक गेलं होतं, वीता. ज्या माणसानं माझे डोळे बांधून मला जगातला एकेक वास दिला, त्याचं नाक गेलं, आणि मला कळू नये म्हणून त्यानं दार लावून घेतलं. मी समोर बसून जेवत होते रोज. आणि अकरा वर्षं रडले कशासाठी, तर पिंपासाठी."

तिनं उरलेला पाव एप्रनच्या खिशात घातला आणि दुकान बंद करायला गेली.